काडीपासून कानापर्यंत : प्रस्तावना

इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट घरी आले की पहिले काही दिवस वाजवण्यापेक्षा बटणे दाबण्यातच जातात. रॉक किट, जॅझ किट, डान्स किट, मग कुठेतरी शेवटी ‘एथनिक’ किंवा ‘वर्ल्ड’ नावाचा कप्पा. त्यात तबल्याचे दोन-चार बोल सापडतात, एखादे वेळी ढोलकही सापडतो. संबळ सापडत नाही. हलगी, दिमडी, घुमट यांचे तर नावही नसते. मग दुकानदाराला, मित्राला, क्लासच्या सरांना एकच प्रश्न विचारला जातो : यात आणखी आवाज कसे टाकायचे?

हे पुस्तक त्या प्रश्नातून सुरू होते. पण तो प्रश्न जसा विचारला जातो तसाच घेतला, तर उत्तर फार लवकर संपते : मेमरी कार्ड घाला, फाइल चढवा, पॅड निवडा, झाले. असे शेकडो आवाज चढवलेली किट मी ऐकली आहेत आणि त्यातली बरीचशी मुकी वाटतात. हळू मारले काय, जोरात मारले काय, तोच आवाज लहान-मोठा होऊन येतो. खऱ्या स्नेअरवर काडी मध्यावर पडली, कडेला पडली, रिमला लागून पडली किंवा नुसती टेकवून घासली, तर प्रत्येक वेळी वाद्य वेगळे बोलते. म्हणून किट किती मोठे हे मी त्यातल्या आवाजांच्या संख्येवरून ठरवत नाही. हाताच्या किती बारीक फरकांना ते उत्तर देते, हे पाहतो. या पुस्तकाची सगळी मांडणी त्या एका मतावर उभी आहे.

त्यासाठी आधी पॅडच्या आत काय घडते ते पाहू. रबरी किंवा जाळीच्या पॅडखाली पिझो नावाची पितळी चकती असते. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बझर म्हणून मिळते तीच. तिच्यावर दाब आला की ती क्षणभर वीज निर्माण करते. काडी पडताच एक तीव्र लाट उठते आणि मग ती थरथरत विझते. मॉड्युल, ज्याला बरेच वादक ‘ब्रेन’ म्हणतात, सुरुवातीचे एक-दोन मिलिसेकंद या लाटेकडे पाहते, तिचे शिखर मोजते आणि त्या आघाताला १ ते १२७ यांपैकी एक आकडा देते. पुढची थरथर दुसरा आघात समजली जाऊ नये म्हणून काही काळ कान झाकून घेते. शेजारच्या पॅडचा धक्का स्टँडमधून इकडे आला, तर तोही ओळखून सोडून देते. वादकाच्या मनगटात जे काही होते, त्यातले एवढेच पलीकडे पोचते : कुठल्या पॅडवर, किती जोरात. महागड्या स्नेअर पॅडमध्ये रिमचा वेगळा सेन्सर असतो, काहींत मध्यापासूनचे अंतरही कळते. झांजेच्या कडेला पट्टीसारखा स्विच असतो, म्हणून ती हाताने धरून थांबवता येते. हायहॅटचे पेडल मात्र सतत बदलणारा आकडा पाठवत राहते. या पेडलकडे आपण पुढे परत येऊ, कारण आपल्या मातीतल्या एका वाद्यासाठी ते फार मोलाचे आहे.

आता थोडा इतिहास. पॅडवर मारून विजेचा आवाज काढायचे प्रयोग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये झाले. मूडी ब्लूजचा ड्रमर ग्रॅम एज याने ससेक्स विद्यापीठातल्या ब्रायन ग्रोव्ह्जच्या मदतीने असे किट बनवून घेतले आणि १९७१च्या ध्वनिमुद्रिकेत ते वापरले. १९७६च्या सुमारास अमेरिकेत पोलार्डचा सिनड्रम आला. त्याचा वरून खाली घसरणारा ‘प्यूss’ त्या काळच्या डिस्को गाण्यांत सर्रास ऐकू येतो. पण ज्याने इलेक्ट्रॉनिक ड्रमला चेहरा दिला ते किट म्हणजे १९८१चे सिमन्स एसडीएस-५. षटकोनी पॅड, पोलिसांच्या ढालींना वापरतात तसले कडक पॉलिकार्बोनेट आणि सगळा आवाज ऑसिलेटर, नॉइज व फिल्टर यांतून घडवलेला. पृष्ठभाग इतका कडक होता की वादकांची मनगटे दुखू लागली. तरी तो आवाज जगभर पसरला, कारण कुठल्याही कातड्याची नक्कल करायला तो गेलाच नव्हता.

दुसरा रस्ता रॉजर लिनने काढला. १९८०च्या एलएम-१ या त्याच्या यंत्रात पहिल्यांदाच खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित नमुने चिपवर साठवले होते. त्यात क्रॅश आणि राइड नव्हते, याचे कारण निव्वळ पैशाचे आहे. झांजेचा आवाज लांबवर रेंगाळतो, तेवढा साठवायला लागणारी मेमरी तेव्हा परवडत नव्हती. १९८२च्या लिनड्रममध्ये चिपा बदलता येत. म्हणजे वेगळा स्नेअर हवा असेल तर वेगळी चिप आणायची आणि यंत्र उघडून बसवायची. सिमन्सने तर पुढे एसडीएस-७ साठी असे उपकरण विकले, की वादकाने आपला आवाज रेकॉर्ड करून स्वतः चिपवर जाळावा. आजच्या पेन ड्राइव्हचा तो पणजोबा. किटमध्ये आवाज वाढवण्याची हौस किटइतकीच जुनी आहे.

१९८३मध्ये मिडी आले आणि पॅड व आवाज यांची ताटातूट झाली. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त निरोप जातो : अमुक क्रमांकाचा सूर, एवढ्या जोराने. १९९१च्या जनरल मिडी कराराने तालवाद्यांना दहावी वाहिनी दिली आणि बेस ड्रम ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२, उघडी ४६ असे क्रमांक ठरवून दिले. हे आकडे जोखडासारखे वाटतात, पण त्यांच्यामुळेच एका कंपनीचे पॅड, दुसरीचे मॉड्युल आणि तिसरीचे सॉफ्टवेअर एकत्र नांदतात. शिवाय निरोपच जाणार असेल तर पॅडने ड्रमच का वाजवावा? ड्रमर बिल ब्रुफर्डने किंग क्रिमसनमध्ये आणि १९८६पासून अर्थवर्क्स या बँडमध्ये पॅडवर सुरावटी आणि कॉर्ड वाजवून दाखवले. ड्रमरने स्वरांच्या बाजूला पाऊल टाकल्याचे इतके पूर्ण उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

१९९७मध्ये रोलंडने रेमो कंपनीबरोबर तयार केलेले जाळीचे हेड व्ही-ड्रम्सवर आणले, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ड्रमरचा सरावाचा प्रश्न बराचसा सुटला. नंतरच्या काळाबद्दल पुस्तकात बरेच आहे, इथे थांबतो, कारण आपल्याकडची गोष्ट सांगायची राहिली आहे.

मुंबईला नव्या आवाजाची ओढ कुणी बाहेरून शिकवलेली नाही. १९७३च्या ‘यादों की बारात’मध्ये राहुलदेव बर्मन यांनी काचेच्या ग्लासवरच्या नादाने गाणे उघडले, तेव्हा इथल्या स्टुडिओत सॅम्पलर हा शब्दही आलेला नव्हता. केरसी लॉर्ड, होमी मुल्लन यांच्यासारखे वादक डग्गे, घुंगरू, खरवडायच्या काठ्या आणि सिंथेसायझर सारख्याच आस्थेने हाताळत. स्टुडिओतले गिटारवादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलंड टीआर-८०८च्या ठेक्यावर दहा राग बसवून ध्वनिमुद्रिका केली. ती तेव्हा विकली गेली नाही आणि बऱ्याच वर्षांनी जगाने ती शोधून काढली. मुंबईतच जन्मलेले त्रिलोक गुर्टू पाण्याने भरलेल्या बादलीत वाजती वाद्ये बुडवून त्यांचा सूर वाकवतात. आवाज वाढवायचा तर आधी कान वाढवावा लागतो, हे या सगळ्यांच्या कामात दिसते.

आणि मग ऑक्टोपॅड. १९८५मध्ये आलेल्या रोलंडच्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये आठ पॅड होते आणि स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो बाहेरच्या यंत्राला नुसते निरोप धाडायचा. आवाजासकट आलेली त्याची पुढची भावंडे महाराष्ट्रात इतकी रुजली की आज कुठल्याही कंपनीच्या पॅडला लोक ऑक्टोपॅडच म्हणतात. ऑर्केस्ट्रा, गणपतीतल्या बेंजो पार्ट्या, वराती, जागरण-गोंधळाचे स्टेजवरचे कार्यक्रम, सगळीकडे तो आहे. त्यातल्याच १९९८च्या एसपीडी-२० मध्ये स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज घालायची सोय नव्हती. तेव्हा आपल्या वादकांनी आतल्याच टोनांवर काम केले. एखाद्या टॉमचा सूर वर चढवायचा, त्याची लांबी कापायची, त्यावर दुसरा टणक टोन चढवायचा, आणि ढोलकीची चाट किंवा ताशाची कड जमेल तितकी जवळ आणायची. या जुळवणीला ते ‘पॅच’ म्हणतात. असे पॅच हातोहात फिरतात, विकले जातात, काहींची नावे जिल्ह्याबाहेर पोचतात. मांडवाच्या मागे बसून, कानाने, इंग्रजी मॅन्युअल न वाचता केलेले हे ध्वनिरचनेचेच काम आहे आणि त्याची नोंद कुठल्याही पुस्तकात माझ्या पाहण्यात आलेली नाही. या पुस्तकात ती सन्मानाने घेतली आहे.

या क्षेत्रातल्या वेगवेगळ्या घराण्यांकडे आता पाहता येईल. सिमन्सच्या वाटेने जाणारे लोक आवाज शून्यातून घडवतात. त्यांना नक्कल नको असते. लिनच्या वाटेचे लोक नमुने जमवतात, आणि त्यांच्या घराण्याने संगणक स्वस्त झाल्यावर प्रचंड झेप घेतली. २००३चे बीएफडी, २००६चे स्वीडनच्या टूनट्रॅकचे ईझीड्रमर ही त्यातली ठळक सॉफ्टवेअरे. हायड्रोजन आणि ड्रमगिझमो तर फुकट मिळतात. तिसरे घराणे गणिताचे. ते कातडे, पिंप आणि काडी यांच्या वागण्याचे सूत्र मांडते आणि आवाज त्या क्षणी तयार करते. १९९४चा कॉर्ग वेव्हड्रम या विचाराचा अजूनही आदरणीय नमुना आहे, कारण बोटाने घासलेलेही त्याला कळते. चौथी वाट अलीकडची. न्यूयॉर्कच्या सनहाऊससारख्यांनी खऱ्या ड्रमला सेन्सर लावून, काडी कुठे आणि कशी लागली हे संगणकाला शिकवून ओळखायला लावले आहे. यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या वाटेकडे माझे मन ओढ घेते, पण पुस्तकातली सर्वाधिक पाने नमुन्यांना दिली आहेत. आपल्या वाचकाच्या खिशाला आणि गरजेला आज तीच वाट जवळची आहे.

संगणक जोडणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी उशिराचा त्रास होतो. काडी पडते आणि आवाज मागून येतो. याचे गणित सोपे आहे. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने चालणाऱ्या यंत्रात २५६ नमुन्यांचा बफर ठेवला तर एका टप्प्याला सुमारे ५.८ मिलिसेकंद जातात, ६४ ठेवला तर दीड मिलिसेकंदाहून थोडे कमी. हवेत आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे थोडा उशीर खऱ्या ड्रमवरही असतोच, कान तो सहज सोसतो. बहुतेकांना त्रास होतो तो साध्या साउंडकार्डच्या ड्रायव्हरमुळे, आणि तो बदलला की प्रश्न मिटतो. त्यामुळे ‘कॉम्प्युटरवर ड्रम वाजत नाहीत’ असे ठरवून किट विकून टाकणाऱ्यांनी तेवढे प्रकरण आधी वाचावे, ही विनंती.

मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते आपल्या वाद्यांबद्दल. ताशाची तर्री घ्या. सेकंदाला कितीतरी आघात पडतात आणि त्यातले कुठलेही दोन सारखे नसतात. एकच नमुना लागोपाठ वाजवला की मशीनगन सुटल्यासारखा तो कानाला टोचतो. उपाय म्हणजे प्रत्येक जोराचे तीन-चार वेगळे आघात रेकॉर्ड करून यंत्राला ते आलटून-पालटून वाजवायला लावणे. संबळात दोन नगांची जोडी, एकाचा आवाज उंच, दुसऱ्याचा खर्जात, आणि काड्यांपैकी एकीचे टोक वाकडे. समजा, आपण त्याचे पाच आघात निवडले, प्रत्येकाचे हळू ते जोरात असे सहा थर आणि प्रत्येक थराच्या चार आवृत्त्या घेतल्या. एकशे वीस आघात झाले. दोन-दोन सेकंदांचे धरले तर सगळे मिळून एकवीस-बावीस एमबी, म्हणजे फोनमधल्या एका छोट्या व्हिडिओएवढे. मेहनत एका दुपारची आहे. पण हा संबळ वाजवला की हात लगेच वेगळा चालू लागतो, कारण आता हळू मारण्याला अर्थ आलेला असतो.

हलगीचे वेगळे. ती शेकून तापवली की चढते आणि गार झाली की उतरते. शेकल्या शेकल्या घेतलेले नमुने आणि अर्ध्या तासाने घेतलेले नमुने एका किटमध्ये मिसळले तर वाद्य बेसूर वाटते आणि कारण सापडत नाही. ढोलकीची चाट सहज पकडता येते, घुमारा मात्र हाताला लागत नाही. डाव्या पुडीवर मनगट दाबून वादक सूर वर ओढतो, त्या ओढण्याची स्थिर प्रत काढता येत नाही. काही चढउतार वेगळे रेकॉर्ड करून पॅडवर ठेवता येतात, तेवढ्याने ठेका उभा राहतो. लावणीतली ढोलकी उभी राहत नाही. तिथे ढोलकीवाल्यालाच बोलवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि गोव्याचे घुमट. मातीचे भांडे, मोठ्या तोंडावर कातडे आणि दुसरे तोंड उघडे. ते उघडे तोंड डाव्या तळव्याने झाकत-उघडत वादक खर्ज फुगवतो, दाबतो. घोरपडीचे कातडे वन्यजीव कायद्याने बंद झाल्यापासून बकऱ्याचे वापरतात, आणि २०१९मध्ये गोवा सरकारने या वाद्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. पॅडवर घुमट आणायचे तर तळव्याचे काम कोण करणार? हायहॅटचे पेडल. पेडल दाबलेले असताना झाकलेल्या तोंडाचे नमुने, सोडलेले असताना उघड्या तोंडाचे, आणि मधल्या टप्प्यांवर मधले. विदेशी झांजेसाठी बनवलेली ही यंत्रणा घुमटाला इतकी चपखल बसते की पॅडवर वाजवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हा प्रयोग करून पाहावा.

हे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तर वरच्या परिच्छेदांत बरेचसे आले आहे. स्वतःचे नमुने चढवायची सोय पूर्वी फक्त वरच्या किमतीच्या यंत्रांत असायची. २०११च्या एसपीडी-एसएक्ससारख्या यंत्रांनी ती स्टेजवरच्या वादकाच्या हातात दिली आणि आता मधल्या किमतीच्या मॉड्युलांतही ती येते. चांगला मायक्रोफोन आणि साधा रेकॉर्डर भाड्याने मिळतो. साधने आली आहेत, पण ती कशी वापरायची हे मराठीत कुठे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. दुसरीकडे अनेक गावांत संबळ, हलगी, चौघडा वाजवणारे शेवटचे हात म्हातारे झाले आहेत. त्यांच्या वाजवण्याला रेकॉर्डिंग पर्याय ठरणार नाही. तरी बारा वर्षांच्या एखाद्या मुलीने पॅडवर संबळ ऐकला आणि खरा संबळ बघायला गेली, असे घडण्याची शक्यता मला खरी वाटते.

म्हणून पुस्तकाचा क्रम यंत्राच्या मॅन्युअलसारखा नाही. सुरुवात ऐकण्यापासून आहे, मग पॅडची संवेदनशीलता लावणे येते, कारण ती चुकीची असेल तर उत्तम नमुनेही वाया जातात. आतल्या आवाजांत फेरफार, बाहेरचे आवाज चढवणे, संगणक जोडणे, खऱ्या ड्रमला ट्रिगर लावणे हे त्यानंतर येते. कुठल्याही एका कंपनीच्या यंत्राची बटणे क्रमाने सांगितलेली नाहीत. ती दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. चर्चमध्ये, भजनी मंडळात, कॉलेजच्या बँडमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने आपल्याला हवे ते प्रकरण आधी उघडावे. आधीचे वाचले नाही म्हणून काही अडणार नाही.

एका गोष्टीवर मात्र मी तडजोड केलेली नाही, ती म्हणजे वादकाचा हक्क. १९६९मध्ये विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन याने काही सेकंद एकट्याने ड्रम वाजवले. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत सॅम्पल होऊन वापरला गेला. कोलमन २००६मध्ये वारला, त्याला त्यातले काहीच मिळाले नव्हते. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला चाहत्यांनी वर्गणी काढून २०१५मध्ये थोडी रक्कम दिली, ती कायद्याने मिळालेली नव्हती. आपल्याकडच्या गोंधळ्याच्या, हलगीवाल्याच्या बाबतीत हे आणखी सहज घडेल, कारण त्यांच्याकडे कागद नसतो आणि त्यांना विचारायची आपल्याला सवय नसते.

तेव्हा वाचकांना एवढेच सांगणे आहे. कुणाचे वाद्य रेकॉर्ड करायला जाल तेव्हा आधी परवानगी घ्या, ठरलेली बिदागी त्याच दिवशी द्या, आणि फाइलच्या नावात वादकाचे नाव, गाव, तारीख व वाद्य मढवणाऱ्याचे नाव लिहा. तो आवाज पुढे कुणाला दिलात तर ही नावेही बरोबर द्या.